आदेशचं वजन

साळुबाईनं अश्विनीला मागणी घातली ती चहा पिता पिता. पिंपळवंडीला भावाच्या ओसरीवर बसून ती म्हणाली, "संपत, तुझी थोरली माझ्या सुदर्शनला." संपतनं बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "अक्का, तुझीच हाय ती." झालं. मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, त्यात विचारायचं काय आणि कुणाला. अश्विनीनं बारावीचे पेपर दिले आणि त्याच उन्हाळ्यात, चौऱ्याण्णव सालच्या मे महिन्यात, ती महाळुंगे पडवळला आत्याच्या घरात सून होऊन आली. निकाल लागला तेव्हा ती कांदाचाळीत कांदा भरत होती. पास झाल्याचं सुदर्शननं बांधावरून ओरडून सांगितलं आणि तो मोटार चालू करायला निघून गेला.

सुदर्शन वाईट नव्हता. वाईट व्हायला माणसाला स्वतःचं काहीतरी मत लागतं. त्याचं मत आईच्या तोंडून निघायचं, आणि ते निघेपर्यंत तो गप्प बसायचा.

पुढच्या वर्षीच्या दिवाळीत सूर्यग्रहण आलं. अश्विनीला सहावा महिना होता. साळुबाईनं आदल्या दिवशीच बजावलं होतं, ग्रहण सुटेस्तोवर निजून राहायचं, विळी-कोयत्याला हात लावायचा नाही. पण सकाळी गोठ्यात कालवड दाव्यात गुरफटली. गळ्याला फास बसला, जीभ बाहेर आली. घरात दुसरं कुणी नव्हतं. अश्विनीनं विळ्यानं दावं कापलं आणि कालवड वाचली. साळुबाई आली, तुटलेलं दावं उचलून तिनं पाहिलं आणि काहीच बोलली नाही.

ती बोलली फेब्रुवारीत. श्रेया जन्मली तेव्हा तिच्या उजव्या हाताला दोन अंगठे होते. एक धड आणि एक त्याच्या बुडाशी लोंबणारा, मटाराच्या दाण्याएवढा. "दावं तोडलंस नव्हं," साळुबाई म्हणाली, "ही बघ त्याची गाठ." तिसऱ्या महिन्यात तिनं कुठून तरी घोड्याच्या शेपटीचा केस आणला आणि तो जादा अंगठा आवळून बांधला. आठ दिवस पोर रडली. नवव्या दिवशी ते बोट काळं पडून गळालं.

बोट गेलं, पण पोर वाढेना. शाळेत घातली तेव्हा वर्गात सगळ्यांत बुटकी तीच. अंगावर चहा सांडल्यासारखे तांबूस डाग. डोकं मात्र तल्लख होतं. गावाहून मंचरला जाताना रस्त्यातली प्रत्येक पाटी ती मोठ्यानं वाचायची. सहाव्या वर्षी तिच्या अंगावर काळेनिळे वळ उठायला लागले. कुठं धडकलं नाही, पडलं नाही, तरी मांडीवर, दंडावर हे एवढाले वळ. शाळेच्या बाईंनी घरी विचारपूस केली, तर साळुबाईनं सांगितलं, "आईचा हात लई चालतो तिच्यावर." ती गोष्ट गावभर झाली. पाणवठ्यावर बायका अश्विनीकडं बघून गप्प व्हायच्या.

मग एका दुपारी शाळेत श्रेयाच्या नाकातून रक्त सुरू झालं आणि ते थांबेना. नारायणगावच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, आकडे दोनदा पाहिले आणि चिठ्ठी लिहून पुण्याला पाठवलं. तिथल्या मोठ्या दवाखान्यात महिनाभर तपासण्या झाल्या. हाडात सुई घालून आतला मगज काढला. रक्ताची एक नळी मुंबईला गेली. तिथं त्या रक्तातल्या पेशींवर एक औषध घालून तीन दिवस ठेवायचं आणि मग भिंगाखाली पाहायचं, अशी ती तपासणी होती.

निकाल आला तेव्हा सुदर्शन रक्ताच्या बाटलीसाठी रांगेत होता, म्हणून पुण्याच्या डॉक्टरबाईंनी एकट्या अश्विनीला बसवून सांगितलं. त्यांनी दोन फोटो पुढं ठेवले. एकात आखूड आखूड दोऱ्यांचे जोड होते, नीट, अख्खे. दुसऱ्यात कुणीतरी तेच दोरे कडबाकुट्टीत घालून काढल्यासारखे तुकडे. काही तुकडे भलत्याच तुकड्यांना चिकटलेले.

"हे श्रेयाचं," दुसऱ्यावर बोट ठेवून डॉक्टरबाई म्हणाल्या. "आपल्या अंगातल्या प्रत्येक पेशीत असे धागे असतात. सगळं अंग कसं बनवायचं, कसं चालवायचं, ते त्यात लिहिलेलं असतं. हे धागे रोज बिघडतात. तुमचे, माझे, सगळ्यांचेच. कुठं तुटतात, कुठं दोन पदर एकमेकांना चिकटून बसतात. पेशी ते रोज सोडवते, सांधते, म्हणून आपण धड असतो. श्रेयाच्या पेशींना ते सांधणं जमत नाही. पहिल्यांदा मगज थकतो, रक्त बनेनासं होतं. त्यातून वाचली तर पुढं कॅन्सरची भीती."

"कशानं झालं?"

"सांधण्याची कृती आपल्याला दोन ठिकाणांहून मिळते. एक आईकडून, एक वडिलांकडून. एक जरी चांगली असली तरी भागतं. हिला दोन्ही बिघडलेल्या आल्या. तुमचं लग्न नात्यातलं आहे का?"

"सासू माझी सख्खी आत्या."

डॉक्टरबाईंनी कागदावर वर एक जोडपं काढलं, आजा आणि आजी. तिथून एक रेघ संपतकडं आणि दुसरी साळुबाईकडं. संपतकडून अश्विनी, साळुबाईकडून सुदर्शन. दोन्ही रेघा खाली येऊन श्रेयात मिळाल्या. "तुमच्या आजोबांकडं किंवा आजीकडं ती बिघडलेली कृती असणार," त्या म्हणाल्या. "तिथून ती दोन्ही वाटांनी उतरली."

अश्विनीनं तो कागद बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "बाई, ग्रहणाचं काय न्हाई ना ह्यात?"

"ग्रहणाचा काय संबंध?"

तेव्हा ती रडली. सहा वर्षांत पहिल्यांदा तिला हलकं वाटलं, आणि ते लेकीच्या मरणाची बातमी ऐकताना वाटलं याची तिला लाजही वाटली.

उपाय एकच होता. कुणाचा तरी चांगला मगज श्रेयाच्या अंगात घालायचा. पण तो जुळायला हवा, आणि जुळण्याची आशा असते ती सख्ख्या भावंडाची. आईबापाचा तपासला, जुळला नाही. तोवर रक्त चढवायचं आणि गोळ्या द्यायच्या. पहिल्या खेपांचा खर्च झेपला, पुढचा डॉक्टरबाईंनी एका संस्थेकडून मिळवून दिला.

तो कागद अश्विनीनं हौसेनं घरी आणला. ही तिची चूक. आत्याला दाखवला की आत्याच्या मनातलं किल्मिष जाईल, असं तिला वाटलं होतं.

साळुबाईनं कागदावरच्या रेघांवरून बोट फिरवलं. "हा वरचा कोण?"

"आजोबा. तुमचे वडील."

"म्हंजी माझ्या बापाचं रगात नासकं. आन् माझ्यातून ते माझ्या लेकात उतरलं. असंच म्हणतीस नव्हं?"

"मी न्हाई, डॉक्टर म्हणत्यात. माझ्यातून बी उतरलंय, आत्या."

"माझा बाप ऐंशी वर्सं जगला. दात पडला नव्हता त्याचा." साळुबाईनं कागदाची घडी घातली आणि चुलीत सारली. "तू दावं तोडलंस. माझ्या बापाला मधी घेऊ नगंस."

त्या दिवसापासून तिनं श्रेयाचं ताट वेगळं केलं.

अश्विनीनं सुदर्शनला एकटं गाठलं. दुसरं मूल होऊ द्या म्हणाली. चारातली तीन चांगली निघतात असं बाई म्हणतात, आणि चारातलं एक श्रेयाला जुळू शकतं. "आई म्हणती, तुझी कूस ग्रहणात बाटली," सुदर्शन म्हणाला आणि आपली वाकळ उचलून ओसरीवर गेला. पुन्हा तो आत झोपायला आला नाही.

दोन महिन्यांनी संपत आला. लेकीच्या घरचं पाणी न पिताच तो बसला, आणि बराच वेळ टोपी गुडघ्यावर फिरवत राहिला.

"आशे, अक्का म्हणती भागूला दे."

भागू म्हणजे अश्विनीची धाकटी बहीण, भाग्यश्री. वीस वर्षांची. अश्विनीला आधी कळलंच नाही. "कुणाला दे?"

"सुदर्शनला."

"आन् मी?"

"तू कागदावर सही कर. सोडचिठ्ठीच्या." त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. "भागूला दोन ठिकाणं आलती. थोरलीच्या पोटी असली पोर हाय म्हणल्यावर दोनी परत गेली. कोण करनार तिला? अक्का पदरात घेती म्हणती. माझं नाक ऱ्हातंय."

"आबा, तुमाला कळतंय का, भागूमधी बी ते असंल. दोनात एक. तिची बी पोरं..."

"गप," संपत म्हणाला. "सख्ख्या भनीच्या कुशीला असं बोलतीस?"

अश्विनीनं सही केली. नाही म्हणून काही टिकलं नसतं, आणि घरात श्रेयाला घास गिळवत नव्हता. पण त्याआधी तिनं पिंपळवंडीला जाऊन भागूला समोर बसवलं आणि डॉक्टरबाईंनी काढला होता तसाच कागद काढून दाखवला. "ह्या घरात जाऊ नगंस. दुसरा कुणी बी कर. लंगडा कर, बिजवर कर. पर आत्याचं रगात नगं. तुझं लेकरू बी असंच व्हईल."

भागूचे डोळे भरले. "ताई, तुझं गेलं म्हणून मला शाप देतीस?"

दोन हजार तीनच्या फेब्रुवारीत देवळात लग्न लागलं. अश्विनी तोवर नारायणगावला आली होती. बाजारापाशी एक खोली घेतली आणि टोमॅटोच्या शेडमध्ये माल निवडायच्या कामाला लागली. पिकलेला एकीकडं, कच्चा एकीकडं, डाग पडलेला खाली. दर तीन आठवड्यांनी श्रेयाला घेऊन एस.टी.नं पुण्याला जायचं, रक्त चढवायचं, परत यायचं. गोळ्यांनी श्रेयाचा आवाज बाप्यासारखा घोगरा झाला, ओठावर लव आली. शाळेत पोरं तिला 'काका' म्हणायची. तिनं शाळा सोडली, पण गाडीत ती त्याच आवाजात कंडक्टरच्या आधी पुकारा करायची, "मंचर, मंचरवाले पुढं या." म्हातारी माणसं खरंच उठायची. मग ती आईच्या पदरात तोंड खुपसून हसायची.

डिसेंबरात भागूला मुलगा झाला. बाळंतपण पिंपळवंडीलाच. अश्विनी सहाव्या दिवशी गेली. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी अडवलंही नाही. तिनं बाळ मांडीवर घेतलं, मूठ उघडली आणि अंगठा पाहिला. मग दुसरी मूठ. दोन्ही अंगठे धड, गुबगुबीत. लंगोट सोडून मांड्या पाहिल्या. पाठ पाहिली. कुठं डाग नाही. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं. आपण डाग शोधत होतो, आणि तो सापडला नाही म्हणून आपल्याला वाईट वाटलंय.

साळुबाई दारातून बघत होती. "बघून झालं? चांगलं निरखून बघ. कूस चांगली असली की लेकरू चांगलंच व्हतं."

अश्विनी उठली. भागूनं मात्र तिचा हात धरला आणि सासू बाहेर गेल्यावर हळूच विचारलं, "श्रेया कशी हाय?"

"तशीच."

"ह्याचं जुळंल का तिला? बाप एकच हाय. आन् मी तुझी भन."

अश्विनीच्या ते मनातही आलं नव्हतं. तिनं पुण्याला विचारलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, सख्ख्याएवढी आशा नाही, आठात एक, पण बघायला काय जातंय. मार्चमध्ये भागूनं डोस पाजायला मंचरला जाते म्हणून सांगितलं आणि बाळाला घेऊन थेट पुण्याची गाडी पकडली. दोघी बहिणी एका बाकावर बसल्या, मधे श्रेया, तिच्या मांडीवर भागूचं बाळ, आदेश. श्रेयानं त्याला सगळ्या पाट्या वाचून दाखवल्या.

तीन आठवड्यांनी निरोप आला. जुळलं होतं. डॉक्टरबाईंनी दोनदा तपासून घेतलं होतं. बाळात तो आजारही नव्हता. फक्त बाळ लहान होतं. मगज काढायचा तर ते निदान दहा किलोचं हवं. तोवर थांबायचं, तोवर श्रेयाला टिकवायचं. मुंबईच्या दवाखान्यात नाव घालून ठेवलं.

त्या दिवसापासून अश्विनीच्या डोक्यात एकच आकडा राहिला. महिन्याच्या महिन्याला भागू आदेशला मंचरच्या सरकारी दवाखान्यात आणायची आणि अश्विनी शेडवर रजा टाकून तिथं जायची. ताट-काट्यात बाळ ठेवलं की ती नर्सच्या आधी वाकून बघायची. सहा किलो दोनशे. सहा नऊशे. सात चारशे. ती नाचणीचं सत्त्व न्यायची, खारीक भरडून न्यायची, तुपाची बरणी न्यायची. "दोन टाईम देतीस ना? रात्री झोपेत बी पाजत जा," म्हणायची. भागू हो म्हणायची. आधी हसून म्हणायची. नंतर नुसतं हो म्हणायची.

पावसाळ्यात आदेशला हगवण लागली. चार दिवस तो अंगणवाडीच्या बाईंनी दिलेल्या साखर-मिठाच्या पाण्यावर होता, डोळे खोल गेले होते. पाचव्या दिवशी भागूनं त्याला मंचरला आणलं. काटा सात किलो आठशेवर थांबला. आधीच्या महिन्यात तो साडेआठला होता.

"पाऊन किलो घालवलंस?" अश्विनी म्हणाली. "काय करत व्हतीस तू?"

भागूनं बाळ उचललं, अंगाशी धरलं आणि बहिणीकडं पाहत राहिली. बाळ कसं आहे हे अश्विनीनं विचारलं नव्हतं. तिच्या ते ध्यानात आलं तेव्हा ती नारायणगावच्या गाडीत बसली होती.

त्यानंतर भागू मंचरला येईनाशी झाली. कधी पाऊस, कधी शेतातलं काम. अश्विनी गावच्या एका ओळखीच्या बाईकडून निरोप मागवायची. बाळ चांगलंय, अंग धरलंय, रांगतंय, उभं राहतंय. जानेवारीत मुंबईहून तारीख आली. पुढच्या सोमवारी दोघांना घेऊन या. अश्विनीनं त्याच बाईकरवी भागूला कळवलं.

अश्विनी रविवारी सकाळी महाळुंग्याला पोचली. अंगणात सगळे होते. साळुबाई, सुदर्शन, पिंपळवंडीहून मुद्दाम बोलावलेला संपत. म्हणजे त्यांना कळलं होतं. आदेश ओट्याला धरून उभा होता, गालांनी भरलेला. तो दहा किलोच्या वर आहे, हे काट्याशिवायही दिसत होतं.

"सुईनं हाडातनं काढनार म्हणं," साळुबाई म्हणाली. "माझ्या नातवाच्या. भूल दिऊन."

"त्याला काय व्हत न्हाई, आत्या. पंधरा दिसात परत भरून येतं. मी डॉक्टरबाईंशी बोलनं करून देते, पायजे तर..."

"त्या बाईनं माझ्या बापाला नासका ठरवला."

अश्विनी सुदर्शनपुढं गेली. "सही तुमची लागती. ती तुमची लेक हाय. आजवर मी काय मागितलं का तुमाला?"

सुदर्शननं आईकडं पाहिलं, मग भागूकडं. "हिची इच्छा असंल तर मी करतो सही," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं आईला सोडून कुणावर तरी गोष्ट टाकली होती.

सगळे भागूकडं बघायला लागले. तिनं आदेशला उचलून कडेवर घेतलं.

"ताई, मीच आलते तुज्याकडं. मीच म्हणलं व्हतं, जुळंल का बघ," ती म्हणाली. "पर तू त्याच्याकडं कशी बघायचीस ठावं हाय का तुला? जत्रंचा बोकड पोसतात ना, दर आठ दिसानं उचलून बघतात किती भरला, तशी. तो मरनाच्या दारात व्हता तवा तू मला पाऊन किलोचा हिशोब मागितलास. त्याला काय झालं तर तू रडनार न्हाईस. मला म्हाईत हाय."

"भागू, श्रेया मरंल."

"आन् तू मला म्हणली व्हतीस, तुझं लेकरू बी असंच व्हईल. ते मी इसरले न्हाई. इसरायचा लई प्रयत्न केला."

अश्विनी खाली बसली. तिनं धाकट्या बहिणीचे पाय धरले. आदेशला वाटलं खेळ चाललाय. तो वरून वाकून तिचे केस ओढायला लागला. भागूनं पाय सोडवून घेतले आणि घरात जाऊन आतून कडी लावली.

संपत उठून अश्विनीजवळ आला. "ऊठ," तो म्हणाला. "देवाच्या मनात असंल तसं व्हईल. एकीसाठी दुसरं लेकरू कशाला पनाला लावायचं?"

"आबा," ती उठताना म्हणाली, "तुमी दोघींना बी पनाला लावलंत."

सोमवार गेला. मुंबईची खाट दुसऱ्या कुणाला मिळाली.

एप्रिलमध्ये श्रेयाला ताप भरला. पांढऱ्या पेशी उरल्याच नव्हत्या, साधी तोंड आल्याची जखमही भरेना. पुण्याच्या दवाखान्यात चार दिवस होती. तिसऱ्या दिवशी ती आईला म्हणाली, "आदेश आता बोलतो का?" अश्विनी म्हणाली, "बोलतो." "काय म्हणतो?" "आक्का म्हणतो." श्रेयाला ते खरं वाटलं. चौथ्या दिवशी सकाळी साडेनऊला ती गेली. नऊ वर्षांची होती. वजन चौदा किलो.

सुदर्शन जीप घेऊन आला. आईचा निरोप होता, पोर आमच्या घरची, माती आमच्या रानात व्हईल. जिवंतपणी जिचं ताट वेगळं केलं, तिच्या मातीवर त्यांनी हक्क सांगितला, आणि भांडायचं त्राण अश्विनीत नव्हतं. गावच्या बायकांनी गळा काढला. साळुबाईनं सगळ्यांत मोठ्यानं.

मेच्या मध्यावर भागू नारायणगावला शेडवर आली. एकटीच. टोमॅटोचा हंगाम भरात होता, क्रेटच्या थप्प्यांमधून वाट काढत ती अश्विनीपुढं उभी राहिली. महिन्याभरात वाळून कोळ झाली होती. आजूबाजूला बायका माल निवडत होत्या, म्हणून ती हळू बोलली.

"ताई, एक इचारायचं व्हतं. खरं सांग. आदेशचं दिलं असतं तर ती जगली असती?"

अश्विनीचे हात थांबले नाहीत. तिला डॉक्टरबाईंचे शब्द पाठ होते. असल्या आजारात हे फार अवघड असतं, अश्विनी, त्या म्हणाल्या होत्या. त्यातून हे सख्खं भावंडही नाही. दहातली पाच जगली तर नशीब म्हणायचं. अंगानं घेतलं नाही, ताप उलटला, असं काहीही होऊ शकतं. मुंबईला नेलंस आणि तिथंच ती गेली, तर स्वतःला दोष लावून घेऊ नकोस.

भागू वाट बघत होती. तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की 'सांगता येत न्हाई' एवढे तीन शब्द ऐकले तरी ती तिथंच बसून रडेल, आणि मग घरी जाऊन झोपेल.

"जगली असती," अश्विनी म्हणाली. "डॉक्टरबाई म्हणल्या व्हत्या, शंभर टक्के. लग्न झालं असतं तिचं."

भागूनं मान हलवली, दोनदा, समजल्यासारखी. क्रेटला हात टेकून थोडा वेळ उभी राहिली आणि निघून गेली. शेजारची बाई म्हणाली, "कोण गं?" अश्विनी म्हणाली, "गावाकडली."

भागूला पुन्हा मूल झालं नाही. तिनं होऊ दिलं नाही. कुणाला न विचारता मंचरला जाऊन ऑपरेशन करून आली, त्यावरून साळुबाईनं तिला वर्षभर छळलं. आदेशला ती नजरेआड करीना, आणि जवळही घेईना. तो खेळून धावत आला की ती मागं सरायची. साळुबाई तीन वर्षांनी गेली, दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. तिला कसलाच त्रास झाला नाही.

संपत गेला तेव्हा पिंपळवंडीच्या त्या ओसरीवर दोघी बहिणी शेजारी शेजारी बसल्या होत्या. दिवसभर बायका येत होत्या, जात होत्या. एकदा मधे कुणीच नव्हतं. भागूच्या केसांत तिशीतच पांढरं शिरलं होतं. अश्विनीला वाटलं, आता सांगावं. दहातली पाच. एवढंच म्हणायचं होतं. तिनं तोंडही उघडलं.

मग दारात कुणी तरी आलं, आणि भागू उठून त्यांना पाणी द्यायला गेली. अश्विनीनं तिला परत हाक मारली नाही.